सहा घरांचं मत

मैथिलीने ईश्वरीच्या मुठीतून नकाशाचा कोपरा सोडवला आणि त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. शारजातल्या अल नहदा भागात, राजाभाऊंच्या हॉलमध्ये अकरा सभासदांची गृहनिर्माण संस्था गालिच्यावर मांडी घालून बसली होती. शुक्रवार, म्हणजे सुट्टी. बायका कडेला, पोरं आत कार्टूनसमोर. मैथिलीचं अक्षर चांगलं, म्हणून मिटिंगची वही तिच्या एका मांडीवर. दुसरीवर दहा महिन्यांची लेक.

कर्जतजवळची जमीन घेऊन झाली होती. अडचण एवढीच, की तिथे ठाकर आदिवासींची सहा घरं होती. सातबाऱ्यावर नव्हती, नकाशात नव्हती, पण होती. त्या लोकांनी तिथून हलावं, अशी समजूत घालायला राजाभाऊंनी आज कावेरी निरगुडेला बोलावलं होतं. ती इथल्याच एका क्लिनिकमध्ये नर्स. माहेर त्याच सहा घरांच्या वाडीवरचं.

“कावेरीबाई, आपण कुणाला वाऱ्यावर सोडत नाही,” राजाभाऊ म्हणाले. “टेकडीमागे पक्की घरं बांधून देऊ. वर समाजमंदिर. तुम्ही फक्त त्यांना त्यांच्या भाषेत सांगा, खलास!”

“माझी आई मराठीच बोलते,” कावेरी म्हणाली.

कुणीतरी हसू खोकल्यात दडवलं.

कावेरीने नकाशावरच्या हिरव्या तुकड्यावर बोट ठेवलं. तिथे ‘गार्डन’ लिहिलं होतं.

“ही आमची विहीर. माझ्या आज्याने खणलेली. तुम्ही जमीन घेतलीत, बरं झालं, शेजार झाला. पण टेकडीमागे कुणी जाणार नाही. त्या सहा घरांना सोसायटीत सभासद करून घ्या. तुमच्यासारखेच. एका घराला एक मत.”

“बारा-बारा तास राबून घेतलीय आम्ही ती जागा,” सुजीत म्हणाला. तो मैथिलीचा नवरा. “आणि उद्या तेच आपल्याला नियम शिकवणार?”

“शिकवतील की. पाण्याचे तरी नक्कीच.”

राजाभाऊंच्या पत्नी, विभावरीकाकू, चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांचं मन या नकाशात नव्हतंच. मैथिलीजवळ वाकून त्या कुजबुजल्या, “चौथ्या मजल्यावरचे गेले गं. व्हिसा कॅन्सल. पंधरा दिवसांत चंबूगबाळं आवरायला लावलं. पोराची परीक्षासुद्धा होऊ दिली नाही.”

मैथिलीने ईश्वरीला जवळ ओढलं. भलत्या वेळी सुजीतचा ऑफिसातून फोन आला की ती आधी ‘नोकरी आहे ना?’ विचारायची, ते याच धास्तीने. नकाशातला त्यांचा प्लॉट नंबर सात ही जगातली एकच जागा होती, जिथून त्यांना कुणी ऊठ म्हणणार नव्हतं. तिने हिरव्या तुकड्याकडे पाहिलं. त्या विहिरीपाशीही आत्ता कुणी बाई पोर कडेवर घेऊन उभी असेल.

“यल्ला, चला, मतदान,” राजाभाऊ म्हणाले. “सहा घरांना सभासद करून घ्यावं, याच्या बाजूने?”

पाच हात.

“विरोधात?”

सुजीतचा धरून सहा.

“लिहा मैथिली, ठराव नामंजूर.”

तिने पेन खाली ठेवलं.

“राजाभाऊ, सुजीतचं मत धरता येणार नाही.”

“का बुवा?”

“शेअर माझ्या नावावर आहे. बाळंतपणाला डोंबिवलीत होते, तेव्हा सोसायटीच्या फॉर्मवर सही मीच केली. त्याला यायला जमलं नव्हतं.”

सगळ्यांनी सुजीतकडे पाहिलं. त्याचा हात अजून वरच होता. तो त्याने मान खाजवल्यासारखा मागे नेला.

“टेक्निकली बरोबर आहे तिचं,” तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

“माझं मत बाजूने,” मैथिली म्हणाली. तिने पेन पुन्हा उचललं.

राजाभाऊंनी सहा-पाच हे दोनदा मोजलं. माणूस मोकळा, हरल्यावर रुसून बसणारा नव्हे. त्यांनी कावेरीकडे वळून हात पसरले.

“घ्या! झालात आमच्यातले. पेढे कधी?”

कावेरीने आधी चहा संपवला.

“वाडीला विचारते.”

“आता आणखी काय विचारायचं?”

“तुमचं मत झालं, राजाभाऊ. त्यांचं कुठे झालंय? तुम्हाला आपल्यात घ्यायचं का, ते तेही बसून ठरवतील.”

“म्हणजे, नाहीसुद्धा म्हणतील?”

“म्हणू शकतात. म्हातारी माणसं एकच विचारतील. यातलं कोण इथे राहणार, आणि कोण नुसतं कुलूप लावून जाणार?”

राजाभाऊंचा थोरला अमेरिकेच्या वाटेवर होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी त्यांच्याकडे बघेना. मैथिलीने तो प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवला आणि मान वर न करता त्याखाली रेघ मारली. शेजारी सुजीत बसला होता, पण त्याच्याकडे पाहायचं तिला धाडस होईना.

“वाडीवर सगळे भेटायला हवे असतील तर कधी यावं?”

विचारणारा सुजीतच होता.

“कधीही या,” कावेरी म्हणाली. “फक्त जुलैत नको. भाताची लावणी असते. आल्याआल्या चिखलात उतरवतील तुम्हाला.”

सुजीतने मैथिलीच्या मांडीवरून ईश्वरीला उचलून घेतलं.

“माझी लीव्ह जुलैतच आहे. उतरतो चिखलात,” तो म्हणाला.