दिवसाला वीस फोन

“गिरिजाताई, ही ओळ वाचलीत?” डॉ. प्रज्ञांनी मसुदा पुढे सरकवला. ‘पुढच्या साथीत घरी असलेल्या रुग्णांची विचारपूस फक्त ॲपवरून व्हावी.’

बाकी बैठक हिंदीत चालली होती. मराठी कानावर पडल्यावर गिरिजाला जरा धीर आला. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारी ती साधी क्लार्क. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला कंट्रोल रूमला पाठवलं होतं, घरी असलेल्या रुग्णांना रोज फोन करायला. त्या दिवसांतून काय शिकलो, याचा अहवाल आता प्रज्ञा तयार करत होत्या.

“मॅडम, ॲपवर माणूस काहीही भरतो,” ती म्हणाली. “फोनवर आवाज लपत नाही.”

तिने हरिदासचं सांगितलं. मानेसरच्या कारखान्यातला वॉचमन, दिल्लीत एका खोलीत एकटा. ऑक्सिजन मोजायचं यंत्र नव्हतंच, तरी ॲपवर रोज सत्त्याण्णव भरायचा. इस्पितळात नेतील ही भीती. एका सकाळी बोलताना त्याचं वाक्य मध्येच तुटलं. गिरिजाने त्याला एका दमात आकडे म्हणायला लावले. नऊवरच त्याचा दम संपला. तिने ताबडतोब ॲम्ब्युलन्स पाठवायला लावली. दोन आठवड्यांनी हरिदास चालत घरी गेला.

“हे अहवालात यायलाच हवं,” प्रज्ञा म्हणाल्या.

इथे थांबता आलं असतं. गिरिजा थांबली नाही.

“अजून एक सांगायचंय. सरला माथुर, रिटायर्ड टीचर. त्या दिवशी माझ्याकडे नव्वद फोन होते. ‘ठीक हूँ बेटा’ म्हणाल्या आणि मी पुढचा नंबर लावला. त्यांचा आवाज बसलाय हे मला कळलं होतं, मॅडम. दुसऱ्या दिवशी फोन मुलाने उचलला. त्या गेल्या होत्या.”

गिरिजा पुढे सांगत राहिली.

“मी माफी मागत होते, तर तो म्हणाला, ‘मम्मी रोज़ आपके फ़ोन का इंतज़ार करती थीं. थँक यू.’ त्याने माझे आभार मानले. त्याच्या त्या शब्दावर मी पुढचे दोन महिने काम केलं.”

“एका माणसाला दिवसात किती फोन नीट जमतात?” प्रज्ञांनी विचारलं.

“वीस. फार तर पंचवीस.”

प्रज्ञांनी मसुद्यातली ओळ खोडली आणि वर वीसचा आकडा लिहिला.

मे महिन्यात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची उन्हाळ्यात चौकशी करण्यासाठी, दिवसाला वीस फोनांची ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली. नव्या मुलींना शिकवायला गिरिजालाच बोलावलं.

“ताई, दोन मिनिटांत एक कॉल संपतो ना?” त्यांच्यातल्या स्वानंदीने विचारलं.

“लावून बघ.”

पलीकडच्या आजी आधी कूलरबद्दल बोलल्या, मग कॅनडातल्या लेकाबद्दल. स्वानंदीने घड्याळाकडे पाहिलं. गिरिजाने मानेनेच नको म्हटलं.

स्वानंदीने पेन खाली ठेवलं. “हां आंटी,” ती म्हणाली, “फिर?”