खोलीचा आवाज

“जपून हं. आईचं यंत्र आहे ते, हरणाचं मांस वाळवायचं,” रोंडा म्हणाली. “तुमची टेप त्यात आठ तास शेकून काढलीय. आता तिला मांसाचा वास येत असेल, तर नाक मुरडायचं नाही.”

वेंडेल कोस्कीने रीळ नाकाशी नेलं आणि परत टेबलावर ठेवलं. गेल्या मार्चपासून त्याला कशाचाच फारसा वास येत नव्हता, चवही यथातथाच. डॉक्टर म्हणाले होते, होईल हळूहळू. त्याने मान डोलावली होती. हल्ली तो सगळ्यांनाच मान डोलावत असे.

जुन्या टेपा वर्षानुवर्षं पडून चिकट होतात, मशीनवर चढवल्या की किंचाळतात. मंद आचेवर शेकल्या की एकदोनदा नीट वाजतात. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या या दोन खोल्यांच्या रेडिओ स्टेशनात ही विद्या वेंडेलनेच सगळ्यांना शिकवली होती. तो इथला पगारी माणूस नव्हे. नोकरी केली ती पाणीखात्यात. लोकांच्या तळघरांत वाकून मीटर वाचायचे, आकडे टिपायचे, निघायचं. आणि दर रविवारी सकाळी इथे येऊन आपल्यासारख्या समलिंगी माणसांच्या मुलाखतींचा कार्यक्रम हवेत सोडायचा. स्वतः माइकसमोर तो कधी बसला नाही. काचेच्या अलीकडे बसून बटणं, रिळं, दाढीचं ब्लेड आणि चिकटपट्टी सांभाळणं, एवढंच त्याचं काम. येत्या रविवारी कार्यक्रमाला चाळीस वर्षं पुरी होत होती. गेली बारा वर्षं मुलाखती घेणाऱ्या रोंडा डिफोला त्या दिवशी ‘मार्टिन’ पुन्हा ऐकवायचा होता.

‘मार्टिन, १९८६’ एवढंच खोक्यावर लिहिलेलं होतं. हा मार्टिन म्हणजे आपला ऑरिन, हे वेंडेलने रोंडाला मागच्या आठवड्यात सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसायचीच राहिली.

“बारा वर्षं मी तुमच्या घरी येऊन त्याच्या हातचा मासा खातेय,” ती म्हणाली, “आणि दोघांपैकी एकानंही ब्र काढला नाही?”

“तू विचारलं नाहीस.”

“अहो, विचारायला आधी कळायला नको?”

ऑरिन थिबो गेल्या मार्चमध्ये गेला. अंगणातला बर्फ उपसताना छातीत कळ आली आणि फावडं टेकून तो बसला, तो बसलाच. बेचाळीस वर्षांचा संसार. शेवटची बारा वर्षं कायद्याने नवरे, त्याआधी शेजाऱ्यांच्या दृष्टीने ‘घर वाटून घेतलेले दोघे’. त्याच्यामागे घरात त्याचे कोट होते, फोटो होते, स्वयंपाकघरात मसाल्यांच्या बाटल्यांवर त्याच्या तिरप्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. आवाज मात्र कुठेच नव्हता. ऑरिन बोलताना अडायचा. शब्दाचं पहिलं अक्षर तोंडात अडकून पडे आणि मग ते कधी सुटेल याचा भरवसा नसे. त्यामुळे घरचा फोन नेहमी वेंडेलने उचलायचा, फोनवरचा रेकॉर्ड केलेला निरोपही वेंडेलच्याच आवाजात. कॅमेरा पुढे आला की ऑरिन हसून हात हलवायचा. चाळीस वर्षं लोकांचे आवाज जपून ठेवणाऱ्या माणसाच्या घरात, ज्याच्यासाठी जीव टाकला त्याचा एक शब्द नाही. ही टेप तेवढी होती. वेंडेलला ती ऐकायची होती. अकरा महिन्यांत त्याला हवीशी वाटलेली ही एकच गोष्ट.

“आधी तुमची मुलाखत,” रोंडाने माइक त्याच्याकडे वळवला. “मग टेप. नाहीतर टेप ऐकून तुम्ही टोपी घालाल आणि चालते व्हाल. ओळखते मी तुम्हाला.”

तिने विचारलं, ऑरिन कसा होता. वेंडेल म्हणाला, चांगला होता. कुठे भेटलात? तळघरात, मीटर वाचताना. त्या काळात भीती वाटायची? वाटायची. 

“वेंडेल, माझं मीटर वाचताय का? जरा वाक्यात बोला की!”

मग तो बोलला. आवाजात चढउतार काही नव्हता, पण बोलला. ऑरिन शाळेची बस चालवायचा, नऊ नंबरची. बसच्या दारात तो प्रत्येक मुलाला नाव घेऊन गुड मॉर्निंग म्हणे, आणि ते पूर्ण होईपर्यंत मूल पायरीवर उभं राही. खाली उणे वीसची थंडी असली तरी पोरं रांगेत उभी राहत. कुणी मध्येच शब्द पुरवला, तर मागची पोरंच त्याला दटावायची. नऊ नंबर रोज सहा मिनिटं उशिरा पोचे. दोन वर्षं आरडाओरडा करून शेवटी शाळेनेच त्या बसची वेळ सहा मिनिटांनी अलीकडे आणली.

“घरीही तोच नियम,” वेंडेल म्हणाला. “त्याचं वाक्य त्यानंच पुरं करायचं. आपण थांबायचं. कोर्टात लग्न लावताना तो ‘हो’ म्हणेपर्यंत न्यायाधीशबाई चष्मा पुसत बसल्या. मला वाटतं दोनदा पुसला.”

रोंडा हसली. मग तिने विचारलं, “आणि मार्टिन?”

ती गोष्ट अशी होती. तेव्हा मुलाखती घ्यायची लॉरेटा. तीही आता नाही. कारखान्यातला कामगार झाला, नर्स झाली, आता मुलांत काम करणारा कुणीतरी हवा, असं तिने डोक्यात घेतलं. ऑरिन तयार झाला. पण असा माणूस शाळेच्या बसवर आहे हे गावाला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हातातून किल्ल्या काढून घेतल्या असत्या. म्हणून नाव मार्टिन. म्हणून मुलाखत स्टेशनात न करता घरी, स्वयंपाकघरात. तरी खरी पंचाईत राहिलीच. नाव बदलता येतं, पण असा अडत बोलणारा माणूस साऱ्या गावात एकच होता. पहिल्या वाक्याला लोकांनी ओळखलं असतं.

मग वेंडेलने ब्लेड घेतलं. सलग तीन संध्याकाळी तो टेप कापत बसला. प्रत्येक अडखळ, प्रत्येक दम, शब्दाआधीची प्रत्येक झटापट त्याने कापून काढली आणि उरलेलं जोडलं. जोडताना मध्ये पोकळी राहू नये म्हणून त्या खोलीचाच आवाज लावावा लागतो. माणसं असतात तिथे नुसती शांतता कधीच नसते, फ्रिज घुमतो, पाइप कुरकुरतो. म्हणून मुलाखत संपली की सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं आणि ती खोली टेपवर घ्यायची. हा धंद्याचा रिवाज. कापाकापी फार करायची होती म्हणून त्या दिवशी वेंडेलने चार मिनिटं खोली घेतली.

“आणि कापलेले तुकडे?” रोंडाने विचारलं.

“केराच्या टोपलीत.”

रविवारी मुलाखत लागली तेव्हा ऑरिनची आई त्यांच्याकडे बटाटे सोलत बसली होती. ऐकता ऐकता ती म्हणाली, “माणूस कसा का असेना, बोलतो मात्र किती सुरेख! ऑरिन, तुला असं बोलता आलं असतं तर कुठल्या कुठे गेला असतास.” ऑरिन तोंडात रुमाल कोंबून अंगणात पळाला. हसत होता, असंच वेंडेल आजवर धरून चालला होता.

“आता लाव,” तो म्हणाला.

रोंडाने रीळ चढवलं. लॉरेटाचा ठसकेबाज आवाज आधी आला. मग मार्टिन बोलायला लागला. मी लोकांना ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचवतो, तो म्हणत होता. घरी माझा माणूस आहे. आम्ही सोमवारी मासा करतो. मला कुणी विचारलं की लग्न झालं का, तर मी हवेबद्दल बोलतो. या गावात हवा रोज वाईट असते, त्यामुळे माझं चाललंय बरं.

रोंडा खुदकन हसली. वेंडेल ऐकत होता. बोलणं छान होतं. एकही सांधा कळत नव्हता. कारागिरी चोख होती. पण हा कोण बोलतोय? एखादा बातम्या देणारा सरळ बोलत जावा तसा हा माणूस बोलत जात होता. ऑरिनने ‘मासा’ म्हणायचं तर ओठ आधी घट्ट मिटायचे, मान किंचित डावीकडे जायची, आणि शब्द बाहेर पडला की तो स्वतःवरच खूष होऊन बघायचा. ते सगळं पाणीखात्यातल्या एका नोकरदाराने तीन संध्याकाळींत केरात टाकलं होतं. 

सव्वीस मिनिटांनी मुलाखत संपली. शेवट दाखवणारी पांढरी पट्टी मशीनमधून गेली.

“कॉफी आणते,” रोंडा म्हणाली. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. “दूध संपलंय, काळीच चालेल ना?”

त्याने मान डोलावली. मशीन बंद करायला हवं होतं, पण हात उचलला जाईना. रीळ फिरत राहिलं. पट्टीमागे थोडी टेप अजून शिल्लक होती. न वापरलेली खोली. त्याने त्या वेळी ती तशीच शेवटी जोडून ठेवली होती आणि साफ विसरला होता.

फ्रिज घुमायला लागला. तो जुना हिरवा फ्रिज, दार पायाने बंद करावं लागे तो. वेंडेलला तो लगेच ओळखू आला. लॉरेटाची खुर्ची करकरली. बंदरात शिरणाऱ्या जहाजाचा भोंगा लांबून ऐकू आला. मग अगदी जवळून कुणीतरी श्वास घेतला.

“वें... वें... वें...”

“श्श्! खोली घेतोय.”

दुसरा आवाज त्याचा स्वतःचा होता, तेहतीस वर्षांच्या पोराचा, तडफदार, कामात बुडालेला. त्यानंतर फक्त फ्रिज. ऑरिन शहाण्यासारखा गप्प बसला होता. टेप संपली आणि तिचं टोक रिळावर फटफट आपटत राहिलं.

रोंडा कॉफीचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं.

“काय सांगायचं होतं त्याला?” तिने हळूच विचारलं.

“माहीत नाही.”

“नंतर विचारलं नाहीत?”

“मी टेप गुंडाळत होतो.” वेंडेलने पेला घेतला. “आयुष्यात एकदाच मी त्याचा शब्द तोडला. आणि तोही बघ, टेपवर तोडला.”

त्याला रडू येईल असं दोघांनाही वाटलं. आलं नाही. त्याने कॉफी प्यायली. ती गरम आहे एवढंच कळलं.

“रविवारी हेही लाव,” तो म्हणाला.

“दोन मिनिटं नुसता फ्रिज? लोकांना वाटेल स्टेशन बंद पडलं.”

“वाटू दे.”

“बरं, मग तुमचं ते ‘श्श्’ तरी काढते. मला एक क्लिक पुरेल. कानाला लागतं हो ते.”

“नको,” वेंडेल म्हणाला. “आता काही कापायचं नाही. आणि त्याचं नाव सांग. पूर्ण.”

रविवारी तो स्टेशनला गेला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो कार्यक्रम घरी बसून ऐकत होता, त्याच स्वयंपाकघरात. अकरा वाजले. मार्टिन सुरेख बोलला. मग रोंडाने सांगितलं, हे ऑरिन थिबो होते, आता आपण त्यांचं स्वयंपाकघर ऐकू या. हिरवा फ्रिज घुमू लागला, आणि समोरचा पांढरा फ्रिज गप्प उभा राहिला. वेंडेलने चमचा खाली ठेवला. तीन वेळा त्याच्या नावाचं पहिलं अक्षर आलं. पोराने ‘श्श्’ केलं. वेंडेल तसाच बसून राहिला, दोन मिनिटं पुरी होईपर्यंत.

थोड्या वेळाने फोन वाजला. रोंडा होती.

“एक बाई लाइनवर आहेत. रडतायत की हसतायत, कळत नाही. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात. जोडू का?”

त्याने फोनवरच मान डोलावली. मग लक्षात आलं आणि म्हणाला, “जोड.”

“मी जोलीन बोलतेय,” पलीकडून आवाज आला. पन्नाशीची बाई असावी. “तुम्ही मला ओळखत नाही. मी गाडीत होते. त्या मुलाखतीतला माणूस मला काही ओळखू आला नाही हो, नाव सांगितलं तरी म्हटलं, दुसरा कुणी असेल. पण मग शेवटी ते... वें, वें... मी गाडी बाजूलाच घेतली. मी नऊ नंबरच्या बसमध्ये होते. माझं नाव त्यांना फार जड जायचं. मी पायरीवर उभी राहायचे, बर्फात, आणि ते माझं नाव घेईपर्यंत आत जायचे नाही. एकदा नव्या पोरानं मागून ढकललं, तर मी त्याला डबा हाणला होता.” नाक ओढल्याचा आवाज आला. “ते आमचेच मिस्टर थिबो ना?”

‘हो’ म्हणायचं होतं. एवढासा शब्द. वेंडेलने तोंड उघडलं. ओठ हलले, श्वास आत गेला आणि तिथेच राहिला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मान नकळत डावीकडे गेली.

पलीकडे जोलीनने ‘हॅलो, हॅलो’ केलं नाही. शब्द पुरवला नाही. तिच्या गाडीचं इंजिन मंद घुमत होतं, बाजूने गाड्या जात होत्या, आणि ती थांबली होती.