कुंदूर डॉक्टरांची तपासणी

कुंदूर डॉक्टर एक दिवस आपल्या टेबलावर आडवे पडावेत, एवढंच त्यांच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर दाक्षायणीनं देवाकडे मागितलं होतं. आणि देवानं ऐकलं की हो! प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायची पाळी खुद्द त्यांच्यावरच आली.

तिच्या वडिलांचा, अप्पांचा, तुकडा यांनीच काढला होता, गुदद्वारातून सुई घालून. घाणीची जागा; सुईबरोबर जंतू रक्तात शिरतात, पण काम झटपट उरकतं. सगळ्यांना जंतू मारायची एकच गोळी द्यायची आणि सुया मारत सुटायचं. ती गोळी तर अप्पा पोट बिघडलं की मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं खात होते. अख्खं दावणगिरी खातं. त्यांच्या पोटातल्या जंतूंना तिचं काय कौतुक? पण आधी विचारायचं कुणी! अप्पा घरी आले, लोण्यातला बेण्णे दोसा खाल्ला, संध्याकाळी हुडहुडी भरली आणि दोन दिवसांत माणूस संपला.

"माझं कातडीतून कर हं," कुंदूर म्हणाले. "मागून नको."

"का सर? तुम्ही तर याला नखरे म्हणायचात."

"अगं, मागून जंतूंचा धोका जास्त. तुला काय सांगायचं!"

"हे कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून गं. पण कातडीतून करत बसलो, तर बाहेरची रांग कोण संपवणार?"

दाक्षायणीच्या अंगाची लाहीलाही झाली. घालावी मागूनच सुई! कोण विचारणार होतं? पण मेला तर सुटेल हलकट. तिनं कातडी नीट साफ केली, जागा बधिर केली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत एकेक तुकडा काढला.

मग दार उघडून तिनं बाकावर बसलेल्या आईला हाक मारली. "अव्वा, आत ये."

हालम्मा आत आली.

"सर, ही कोट्रप्पांची बायको. तुमच्या सुईनं गेले ते. मी त्यांची मुलगी. पहिल्यापासून काय माहीत होतं, ते हिला सांगा."

कुंदूर उठायला लागले.

"उठू नका, रक्त येईल. सांगा."

अडखळत, भिंतीकडे तोंड करून त्यांनी सांगितलं.

हालम्मा लेकीकडे वळली. "आता ह्याला ताप यायचा?"

"शक्यता फार कमी, अव्वा."

"घरी जाऊन जेवेल?"

"जेवेल."

हालम्मानं पदर खोचला आणि कुंदूरांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. बाहेरच्या बाकांवर त्यांचेच जुने पेशंट बसले होते. दाक्षायणीनं दार सताड उघडं ठेवलं.