चार मिनिटं कमी

"हात लावू नका, बाइके. नख लागलं की गेलं," नुरगाझी म्हणाला.

एसेनकुलने पुढे केलेला हात तसाच टेबलावर ठेवला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा हात तो, नखांत ग्रीस कायमचं बसलेलं. नुरगाझी बँकेत नोकरीला, त्याची बोटं स्वच्छ. बाइके म्हणजे थोरला भाऊ. पण आज त्या शब्दात आदर बेताचाच होता. दोघांच्या मधोमध एका सिनेमाच्या डिस्कची सीलबंद डबी पडली होती. वर पाठीवर लोकरीचं गाठोडं घेतलेल्या माणसाचं चित्र, कोपऱ्यात बारीक आकडा. असल्या शंभर डिस्क निघाल्या होत्या. बिश्केक शहरात तरी ही शेवटची, असं खोलीत जमलेल्या मंडळींचं म्हणणं होतं, आणि असल्या बाबतीत ही मंडळी सहसा चुकत नसत.

डबीचे मालक व्हालेरी सेम्योनोविच तेन खिडकीपाशी चहा ओतत होते. कोरियन घराण्यातले, जन्म मात्र इथलाच. उभं आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलं. आता मुलीकडे परदेशात निघाले होते, कायमचे. दर रविवारी त्यांच्या या खोलीत जमणाऱ्या सिनेमावेड्यांना आज शेवटचं बोलावणं होतं. भिंतीवरची कपाटं रिकामी झाली होती आणि सगळ्या डिस्क खोक्यांत भरून ठेवल्या होत्या.

"माझं म्हणणं सरळ आहे, व्हालेरी सेम्योनोविच," नुरगाझी म्हणाला. "सगळी खोकी मी नेतो. एकही डिस्क इकडची तिकडे होणार नाही. तुमचा संग्रह तुमच्याच नावानं माझ्या घरी राहील. अट एकच. ही डबी त्यात हवी, आणि अशीच हवी, सीलबंद. त्या सिनेक्लबनं काढलेल्या सगळ्या डिस्क माझ्याकडे आहेत, एवढीच नाही."

"आणि नाही दिली तर?"

"तर मग बाकीचं घेऊन मी काय करू?"

तेननी किटली खाली ठेवली. वीस वर्षांचा संग्रह जुन्या बाजारात किलोवर जायचा, की एका घरात शाबूत राहायचा, हे त्या डबीवर येऊन ठेपलं होतं. एसेनकुलला ते कळत होतं. नुरगाझी खोकी नेईल, तो स्वतः काय देणार होता? त्याच्या घरात बायकोने एकच कपाट मंजूर केलं होतं आणि ते केव्हाच गच्च भरलं होतं.

मंडळींचा जुना दंडक होता. दुर्मीळ डिस्क हातची सोडण्याआधी मालक विचारणार, कशासाठी हवी? संच पुरा करायला, पुढे विकायला, की बघायला? लाज कशाचीच नव्हती, फक्त खरं सांगायचं. आणि जो 'बघायला' म्हणेल त्याने तिथेच, सगळ्यांदेखत, सील फोडायचं. म्हणजे उद्या तीच डबी बाजारात दामदुपटीला दिसायला नको.

"बघायला," एसेनकुल म्हणाला होता. आणि तिथेच नुरगाझी कडाडला होता.

"बघायला? तुम्ही?" तो आता पुन्हा उसळला. "या डिस्कला हात लावू नका म्हणून कोण ओरडत होतं? मी तेव्हा पोरगा होतो, पण ऐकलंय सगळं. 'कापलेली प्रत आहे, लांडी आहे.' तुमचाच शब्द ना हा, लांडी?"

सोफ्यावरच्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. त्यांनीही तेव्हा ते ऐकलं होतं आणि मानलंही होतं.

एसेनकुलचा तेव्हा दरारा होता. कुठली डिस्क घ्यावी आणि कुठली नाही, हे त्याला विचारल्याशिवाय कुणी ठरवत नसे. डबीचं तोंड पाहू नये, पाठ पाहावी, असं तो म्हणायचा. तोंडावर नटीचं चित्र असतं. खरं काय ते पाठीवर. आधी भाषा बघायची, मूळ किर्गिझ बोली आहे की वरून चढवलेली रशियन. मग लांबी. मग चित्राच्या कडा छाटल्यात का ते. यातलं एक जरी खोटं निघालं तरी डिस्क परत. सिनेक्लबच्या पोरांनी मोठ्या हौसेने हा लोकरीचा सिनेमा डिस्कवर काढला, मूळ बोलीत, तेव्हा एसेनकुलने डबीची पाठ वाचली. स्टुडिओच्या जुन्या पत्रकात लिहिलेल्या लांबीपेक्षा चार मिनिटं कमी! झालं. त्याने तिथल्या तिथे निकाल दिला. पुढे रशियन बोलीतली प्रत निघाली, तिच्या पाठीवर लांबी पुरेपूर होती, ती त्याने घेतली. क्लबच्या डिस्क पडून राहिल्या. शेवटी कुणीतरी त्या सुट्ट्या करून आपल्या वाडीतल्या चेरीच्या झाडांना टांगल्या, पाखरं हाकलायला. त्या उन्हाळ्यात एसेनकुलने स्वतः त्या चमचमताना पाहिल्या होत्या, आणि हसला होता.

"म्हणालो होतो," तो आता म्हणाला. "चुकलो."

"काय चुकलात?"

"मोजण्यात. थिएटरात सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात, टीव्हीवर आणि डिस्कवर पंचवीस. तेवढ्यानं दीड तासाचा सिनेमा चार मिनिटं आधी संपतो. कापलेलं काही नसतं. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडची रशियन प्रत घड्याळ लावून पाहिली. तीही चार मिनिटं कमीच भरली. डबीवर त्यांनी पत्रकातला आकडा न मोजता छापला होता. ज्यांनी मोजून खरं छापलं, त्यांना मी खोटं पाडलं."

इतकी वर्षं शहाणपण शिकवणारा माणूस असा तोंडघशी पडताना पाहून कुणाला हसू आलं असेल, तर त्याने ते गिळलं.

"वा!" नुरगाझी म्हणाला. "म्हणजे पाखरांना डिस्क तुम्ही वाटल्या, आणि उरलेली एकही आता तुम्हालाच?"

"नुरगाझी, पुरे," तेन म्हणाले. चहाचा पेला त्यांनी एसेनकुलपुढे ठेवला. "तुमच्याकडे सिनेमा आहे. चित्रही तेच आहे. मग ही कशाला?"

एसेनकुलने पेला उचलला नाही. हे त्याने या खोलीत कधीच सांगितलं नव्हतं. सिनेमातल्या बारकाव्यांवर तो तासन् तास बोले, पण हे सोडून.

"त्यात माझी आई आहे," तो म्हणाला. "आमच्याकडच्या सरोवराच्या वरच्या अंगाला सरकारी शेतीवर लोकर कातरायची. शूटिंगवाले आले तेव्हा त्यांना एक बाई हवी होती. चहाचा पेला पुढे करायचा आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच. मी तेव्हा पाळण्यात होतो. मला चालता येईपर्यंत ती गेली. सिनेमा गावच्या क्लबात, म्हणजे सभागृहात आला, तेव्हा बापानं आम्हाला घरात कोंडून ठेवलं. त्याच्याच्यानं ते बघवलं नसतं. पुढे टीव्हीवर आला तो रशियनमधून. आईच्या तोंडून कुणीतरी मॉस्कोची बाई बोलते." तो थांबला. "मी तिचा आवाज ऐकलेला नाही, व्हालेरी सेम्योनोविच. माझी थोरली बहीण आहे, बुरुल एजे. ती सिनेमा बघायलाच तयार नाही. म्हणते, आई आपल्या आवाजात बोलेल तेव्हा बघेन."

"आता आईचं नाव पुढे केल्यावर आम्ही काय बोलणार!" नुरगाझी पुटपुटला, पण आवाजातली धार गेली होती. "एक काम करतो. मी नेतो, आणि घरी संगणकावर–"

"सील न फोडता?" एसेनकुलने विचारलं.

नुरगाझीची नजर डबीच्या वेष्टनावर गेली. सील फोडायचं म्हणजे त्याच्या दृष्टीने वस्तूचा जीवच जायचा. त्याच्या घरच्या सगळ्या डिस्क सीलबंद होत्या. त्यातला एकही सिनेमा त्याने त्या डिस्कवर पाहिला नव्हता. एसेनकुलला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती. पण आपणही कमी नाही, हेही त्याच्या मनात आलं. याने वेष्टन जपलं, आपण आकडे जपले. सिनेमा दोघांच्याही हातून निसटला.

तेन उठले. स्वयंपाकघरातून त्यांनी सफरचंदं कापायची लहान सुरी आणली आणि टेबलाशी उभे राहिले. नुरगाझीने एकदा सुरीकडे पाहिलं, एकदा खोक्यांकडे.

"व्हालेरी सेम्योनोविच, विचार करा. मग मी खोकी नेणार नाही. खरंच नाही नेणार."

"विचार मी रात्रभर केलाय," तेन म्हणाले. "मी मेल्यावर माझी खोकी कुठं असतील त्याची काळजी मला आहे. पण हा माणूस आईसाठी आलाय, आणि मी खोक्यांसाठी त्याला परत पाठवला, तर मुलीकडे जाऊन जेवण जाणार नाही मला."

त्यांनी डबी उचलली आणि कडेने सुरी फिरवली. पातळ वेष्टन करकरत सुटलं. नुरगाझीने डोळे मिटून घेतले. सोफ्यावरच्या एकाने नकळत 'अरेरे' म्हटलं.

डिस्क तेननी उजेडाकडे धरली. एसेनकुल पुढे वाकून बघत होता. इतकी वर्षं बंद राहिलेल्या डिस्क कधी कधी आतून बुरशीसारख्या डागाळतात. एकदा डाग पडला की संपलं. तेननी ती हळूहळू फिरवली, चष्मा वर केला, पुन्हा फिरवली.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

नुरगाझी उठून दाराकडे गेला. बूट घालायला वाकला. एक बूट घातला, दुसरा हातात धरून उभा राहिला.

"डबी तरी द्या," तो तिकडूनच म्हणाला.

"काय?"

"डबी. वरचं चित्र, आकडा. डिस्क यांना द्या. कपाटात जागा रिकामी दिसायला नको."

एसेनकुलला हसू फुटलं, आणि मग सगळ्यांनाच. तेन तर डोळे पुसेपर्यंत हसले. एकाला शेंगदाणा आणि एकाला टरफल, आणि दोघेही खूश! नुरगाझीला ते हसणं लागलं, पण त्याने डबी दोन्ही हातांनी घेतली, फाटलेलं वेष्टनसुद्धा घडी करून खिशात टाकलं. खोकी नेणार का, असं कुणी विचारलं नाही. त्याने बूट काढला आणि पहिलं खोकं उचललं.

डिस्क स्वच्छ रुमालात गुंडाळून एसेनकुल तसाच बसस्टँडवर गेला. बुरुल एजे शहराबाहेर कांत गावात राहायची. गाडीत गर्दी होती. त्याने डिस्क छातीशी सदऱ्याच्या आत धरली आणि सगळी वाट उभ्याने काढली.

"आधी भाकरीचा तुकडा मोड," घरात येणाऱ्याने आधी भाकरी चाखायची या रिवाजाप्रमाणे एजे दारातच म्हणाली. "असा काय पांढराफटक पडलायस? भांडून आलास?"

"मिळाला सिनेमा, एजे."

तिने हात पुसले, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि पाहुण्यांसारखी टीव्हीपुढे बसली. एसेनकुलने डिस्क लावली. ते दृश्य कुठे आहे ते त्याला पाठ होतं. त्याने पुढे सरकवलं नाही. तिने सगळं पाहावं असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती.

उन्हात लोकरीचे ढीग. बायका कातरताहेत. वाटसरू येऊन थांबतो आणि जोरजोरात काही विचारतो. एक तरुण बाई वळते, हातात पेला.

"चहा घ्या, पाहुणे. रस्ता लांबचा आहे."

गोड, स्वच्छ आवाज होता. किंचित बारीक, पण त्या चार मिनिटांच्या घाईने बारीक झालेला. एसेनकुलने एजेकडे पाहिलं. तिचा चेहरा हलला नव्हता.

"पुन्हा लाव."

त्याने लावलं. या वेळी त्याचं लक्ष आईच्या ओठांकडे होतं. आवाज संपला, तरी ओठ हलत होते.

उघड्यावरच्या शूटिंगचा आवाज पुढे स्टुडिओत भरला जायचा, आणि गावच्या बाईला त्यासाठी कुणी शहरात बोलावत नसे. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुठल्या सिनेमाबद्दल कुणी विचारलं असतं, तर त्याने पहिल्या फटक्यात सांगितलं असतं. या एका सिनेमाबद्दल त्याने तो विचार मनाच्या उंबऱ्याशीसुद्धा येऊ दिला नव्हता.

"आई नाही ही," एजे म्हणाली. "आईचा घसा लोकरीच्या धुळीनं बसलेला असायचा. ही कोण नाटकातली बाई आहे."

"हो."

"आणि आई एवढंच नव्हती बोलली. मी तिथंच होते, मागे, त्या आडोशाला. वाटसरू झालेलं ते पोरगं बघ कसं ओरडत बोलतंय. आई त्याला आणखी काहीतरी म्हणाली, लिहून दिलेलं नव्हतं ते. सगळे हसले. पुन्हा घ्यायचं म्हणत होते, पण ऊन गेलं, मग तसंच ठेवलं." ती टीव्हीकडे सरकली, अगदी जवळ. "आवाज बंद कर, एसेन."

त्याने आवाज बंद केला आणि दृश्य पहिल्यापासून लावलं. लोकरीचे ढीग, कातरणाऱ्या बायका, वाटसरू. बाई वळली. पेला पुढे झाला. आणि बुरुल एजे बोलली, आपल्या नेहमीच्या नव्हे, खरखरीत, बसलेल्या आवाजात.

"चहा घ्या, पाहुणे. रस्ता लांबचा आहे. आणि जरा हळू बोला, बाळ झोपलंय माझं."

शब्द संपले आणि ओठ मिटले. एका क्षणाचाही फरक पडला नाही.

एसेनकुलने रिमोट टेबलावर ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ न देता.