पहिला अर्थ

थोरल्याने शब्दकोश टेबलावर ठेवला. सहा टनांचं धूड जमिनीवर उतरवताना उतरवतो तसा, चारी कोपरे एकदम टेकवून. मग खिशातून एक कागद काढला, घडी उलगडली आणि शब्दकोशावर ठेवला. कागदावर बॉलपेनने एकच इंग्रजी शब्द उतरवला होता. प्रत्येक अक्षर सुटं, लाकडी पेटीवरचा नंबर उतरवावा तसं.

"याचा अर्थ सांग."

धाकट्याने रविवारच्या पेपरातलं शब्दकोडं बाजूला सारलं.

"कॅल्क्युलेटेड. कॅल्क्युलेट म्हणजे हिशेब करणे. एवढ्यासाठी हा ठोकळा काखेत मारून आलास होय?"

"एक किलो तीनशे."

"काय?"

"ठोकळा."

धाकटा हसला. आतून त्याच्या बायकोने विचारलं, "दादा, चहात साखर किती?"

"अंदाजाने घाल गं," थोरला म्हणाला. मग धाकट्याकडे वळला. "शेवटी ते 'एड' लावलंय, त्याचं काय?"

"एड लागलं की भूतकाळ. केला. हिशेब केला. तूच म्हणाला होतास ना चौकशीत, मी हिशेब केला होता म्हणून? मग तेच लिहिलं मी."

म्हणाला होता, हे खरं. थोरला एकवीस वर्षं कारखान्यात क्रेनखाली माल बांधत होता. लोखंडाचा तुकडा नुसता पाहून तो वजन सांगायचा, आणि काटा त्याच्या आकड्याजवळच येऊन थांबायचा. दोन महिन्यांपूर्वी यंत्राचा सांगाडा ट्रकवर चढवायचा होता. माल बांधायचा पट्टा पाच टनच पेलणारा, कडेने उसवलेला. चौकशीत थोरल्याने तीन वाक्यं सांगितली होती. मी हिशेब केला, माल सहाच्या वर होता. मी साहेबांना सांगितलं, हा पट्टा धरणार नाही. साहेब म्हणाले, ट्रक खोळंबलाय, उचल.

पट्टा तुटला तेव्हा खाली त्याचा जोडीदार होता. सगळे त्याला 'रेडिओ' म्हणायचे, पाळीभर तोंड बंद नसायचं म्हणून. शेवटचं वाक्यसुद्धा त्याचं अर्धंच राहिलं.

वरच्या लोकांना इंग्रजी कागद लागतात. इंग्रजी करायला ऑफिसात धाकटा होता. त्याने तीन वाक्यांचं एक केलं: मी कॅल्क्युलेटेड रिस्क घेतली. वाक्यातून साहेब गेले, पट्टा गेला, ट्रक गेला. उरला 'मी'. थोरल्याने खाली सही केली, कारण कागद भावाच्या हातचा होता. पुढच्याच महिन्यात धाकट्याला काचेची केबिन मिळाली, वर हात टेकायची खुर्ची.

"रेडिओच्या बायकोला पत्र आलंय," थोरला म्हणाला. "भरपाई नामंजूर. अपघात कारखान्याच्या चुकीने नाही, कामगाराने ठरवून घेतलेल्या धोक्याने झाला. युनियनवाल्याने वाचून दाखवलं तिला."

"युनियनवाल्याला इंग्रजी येतं?"

"तुझ्यापेक्षा कमी. पण तिला कळेल एवढं येतं. परवा माझ्या दारात उभी होती. आत ये म्हटलं तर येईना. एवढंच विचारलं, भावोजी, ठरवून?"

धाकट्याने पेन्सिल कानामागे अडकवली, पुन्हा काढली.

"दादा, लोकांना भाषा कळत नाही त्याला मी काय करू? शब्दाचा अर्थ तो शब्दाचा अर्थ."

"मग काढ पान."

"अरे, मी सांगतोय ना."

"काढ."

धाकट्याने पान काढलं. त्याला शोधावं लागलं नाही. शब्दकोश त्याचाच होता, आठवीत असतानाचा, थोरल्याने पहिल्या ओव्हरटाइमच्या पैशातून आणलेला. लग्नानंतर घर बदललं तेव्हा जुन्या घरीच पडून राहिला. त्याने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "हिशेब करणे, गणित करून काढणे. झालं समाधान?" आणि पुस्तक मिटायला लागला.

थोरल्याने मध्ये पंजा घातला.

"खालचं वाच."

"खाली तेच आहे, घोळून घोळून."

"मराठी मलाही वाचता येतं."

धाकट्याने बोट खाली सरकवलं. पानावर तिसरा अर्थ होता, बारीक टायपात: जाणूनबुजून केलेले, परिणाम ठाऊक असून केलेले. आणि त्याच्याशेजारी समासात, शाळकरी अक्षरात, पेन्सिलने: 'म्हणजे मुद्दाम. लक्षात ठेवणे.' खाली दोन रेघा.

धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणी खोटं बोलल्यावर व्हायचे तसेच.

"वीस वर्षं झाली याला," तो म्हणाला. "कोण लक्षात ठेवतं?"

"तू ठेवायचास. पहिला नंबर यायचा."

"दादा, तू एकटा राहतोस. तुला काय माहीत घर चालवणं काय असतं? साहेबाने ते वाक्य मला तोंडी सांगितलं. मी नसतं लिहिलं तर दुसऱ्याने लिहिलं असतं. आणि तुला कुठे काढलंय कामावरून? मी साहेबांशी बोललो म्हणून राहिलास. हे सांगितलं का तुला कुणी?"

"नाही सांगितलं कुणी."

"मग?"

थोरल्याने पेपराखालून एक कोरा कागद ओढला आणि धाकट्यापुढे सरळ केला.

"उद्या दुपारी तिची फेरसुनावणी आहे. मी म्हणालो होतो ती तीन वाक्यं लिही. इंग्रजीतच लिही, त्यांना कळू दे. खाली लिही, आधी लिहिताना माझी चूक झाली. 'चूक'च लिही, 'मुद्दाम' नको लिहूस. सही कर. मी तोंड धुऊन येतो."

तो मोरीत गेला. नळ सोडला. तोंड धुतलं, मान धुतली, मग हात कोपरापर्यंत धुतले. ग्रीस नव्हतंच, तरी नखं घासली. नळ बंद करून लगेच बाहेर आला नाही. सहा टनांचा माल लटकत असताना जसा उभा राहायचा, तसा श्वास धरून उभा राहिला. बाहेरून काही घासल्यासारखा बारीक आवाज येत होता. लिहितोय, असं त्याला वाटलं. वाटून घेतलं.

बाहेर आला तेव्हा चहा आला होता. धाकटा बशीत ओतून पीत होता, नजर बशीत. कोरा कागद कोराच होता. शब्दकोश मिटलेला होता.

थोरल्याने तो उघडला. समास पांढरा झाला होता, बाकी पिवळ्या पानावर विचित्र दिसेल इतका पांढरा. पानांच्या खाचेत खोडरबराचा चुरा साठला होता.

"त्यात काहीच नव्हतं, दादा," धाकटा म्हणाला. "पोरवयातलं काहीतरी."

थोरल्याने चुरा फुंकला नाही. समासावर अंगठा फिरवला, सावकाश, पट्ट्याची वीण तपासावी तसा. मग पुस्तक उचलून खिडकीकडे नेलं आणि उजेडात तिरकं धरलं.

"किती वेळा ओरडायचो तुझ्यावर," तो म्हणाला. "एवढं दाबून लिहू नकोस, कागदाला वळ उठतात."

धाकट्याची बशी ओठांशीच थांबली.

थोरल्याने शब्दकोश काखेत घेतला. वजन तेवढंच होतं.

"दादा, चहा," आतून धाकट्याची बायको बाहेर आली. "घोटभर तरी. कुठे निघालात?"

"रेडिओच्या घरी," चपला घालत तो म्हणाला. "तिथे खिडकी मोठी आहे."