माझ्या पायांवरची पोती

मित्रांनो, मैदानाच्या कडेला रंगाचे पोपडे उडालेला, चाकांवर सरकणारा लोखंडी गोलपोस्ट तुम्ही पाहिला असेल. तोच मी. समोरच्या टोकाचा माझा जुळा भाऊ जमिनीत पक्का पुरलेला आहे, त्याला कशाची ददात नाही. मी मात्र सरकता. मोठ्यांच्या मॅचला मी मैदानाच्या टोकाला लागतो आणि मुलांच्या मॅचला मध्यावर. एका नोकराला दोन मालक असले की त्याचे काय होते, ते ऐका.

मला एका वेल्डरने बनवले. लोखंडात त्याने हात आखडता घेतला, म्हणून मी नियमापेक्षा वीतभर ठेंगणा आहे. पण माणूस खोटा नव्हता. मला पोहोचवायला आला तेव्हा त्याने बजावले, की याचा सगळा भार पुढे आहे. मागच्या दांड्यावर वाळूची पोती नसतील तर हा तोंडावर पडेल. आणि माझे तोंड म्हणजे, मित्रांनो, गोलकीपर उभा राहतो ती जागा.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. चेंडू मला लागून आत गेला की लोक माझे मुके घेत, बाहेर गेला की शिव्या देत. मी दोन्ही जमेस धरले. पोती मैदानाच्या मालकीची होती, ती कुणीही उचलावीत आणि कुणीही परत ठेवावीत. मग ती फाटली आणि मैदानाच्या कचेरीने नवी काही दिली नाहीत. तेव्हा मोठ्यांच्या लीगने गोणपाटाची पोती भरली आणि मुलांच्या आईवडिलांनी जुन्या निळ्या पँटी शिवून आपली वेगळी केली. तुझे-माझे सुरू झाले. खेळून झाले की जो तो आपली पोती उचलून आपल्या खोलीत कुलपात ठेवू लागला. नियमच पडला : ज्याची मॅच, त्याची पोती.

मोठ्यांचा कप्तान म्हणजे टायरच्या दुकानाचा मालक. मुलांना शिकवते ती त्याची धाकटी बहीण, मुलांची ताई, शहरात बस चालवते. दोघेही लहानपणी माझ्याच जाळीत गोल मारून वाढले. आता रविवारच्या सकाळवरून त्यांचे बोलणे तुटायला आले होते.

त्या रविवारी कचेरीतल्या साहेबांनी दोघांनाही होकार दिला होता. नाही म्हणणे त्यांच्या जिवावर येते. मोठ्यांची ती शेवटची मॅच, खेळली नाही तर संघ खालच्या गटात जाणार. मुलांशी खेळायला बाहेरगावचा संघ आलेला. ताईने आधी पोहोचून मला मध्यावर ओढले, निळी पोती मागे ठेवली. इतक्यात टायरवाल्याची माणसे आली. राम राम नाही, काही नाही. दोघे सरळ माझ्या मागे गेले आणि मला हलवण्यासाठी पोती खाली ओढू लागले.

मुलांचे पालक धावून आले. धक्काबुक्की झाली, एकाचा चष्मा गवतात पडला. एका मुलाच्या वडिलांनी 'आमच्या पोत्यांना हात लावायचा नाही' असे बजावत ती एकेक करून खोलीत नेली, कुलूप घातले आणि किल्ली खिशात टाकली.

"दादा," ताई म्हणाली, "पाहुणी पोरं बूट बांधून बसलीत. त्यांना काय सांगू, माझ्या भावाला कळत नाही म्हणून?"

"मला कळतंय गं. माझा रेफरी थांबणार नाही, ते तुला कळत नाही."

"मग बांध बुटाची लेस आणि खेळ या पोरांशीच. बघू कोण हरतं."

टायरवाल्याने आपल्या माणसांना हाताने मागे सारले. "उरक लवकर," तो म्हणाला. "आणि आईला सांगू नकोस मी सोडलं म्हणून. तिला वाटेल मी सुधारलो."

ताईने शिट्टी मारली. मॅच सुरू झाली.

आता हिशेब बघा. मोठ्यांनी म्हटले, मॅच मुलांची, पोती मुलांची. पालकांनी म्हटले, ज्यांनी ओढून काढली त्यांनी आता आपली आणून ठेवावीत. ताईने सकाळी स्वतः पोती ठेवली होती आणि ती खोलीत नेल्याचे पाहिले नव्हते, तिच्या लेखी प्रश्नच मिटला. तिन्ही हिशेब चोख, आणि माझ्या पायांवर शिल्लक शून्य.

मी उभा होतो, पण कसा, ते माझे मला ठाऊक. वाऱ्याची झुळूक आली की मागचा दांडा गवतावरून किंचित सुटे. माझ्यापुढे मुलांची गोलकीपर, सगळ्यांत उंच म्हणून जिला सारे 'शिडी' म्हणत. चेंडू वरच्या कोपऱ्यात आला. शिडी उडाली, चेंडू तिने बाहेर ढकलला आणि त्याच झोकात माझा आडवा दांडा पकडून लोंबकळली. टाळ्या वाजल्या.

मी पुढे झुकलो.

मित्रांनो, लोखंडाला स्वतःला आवरता येत नाही. मला तिचे केस दिसत होते, मान दिसत होती, आणि माझा सगळा भार तिच्याकडे निघाला होता. ती हसत होती. तिला वाटले, मी झोका देतोय.

टायरवाला माझ्या मागे गुडघ्याला पट्टी बांधत बसला होता. दांडा त्याच्या डोळ्यांसमोर वर गेला. तो हाक मारत बसला नाही. त्याने पोटावर झेप घेतली आणि अख्खा दांड्यावर आडवा पडला. मी थरथरलो, थांबलो, आणि धाडकन मागे बसलो. शिडीचे हात सुटले, ती खाली गवतात बसली. टाळ्या थांबल्या.

ताई धावत आली. पोरीला उठवून तिचे डोके, खांदे चाचपून पाहिले. मग मागे येऊन बघते तो भाऊ दांड्याला मिठी मारून पडलेला.

"दादा, ऊठ."

"पोती आण आधी."

किल्ली खिशात घातलेले वडील खिसे चाचपत होते, पण ती सापडेना. टायरवाल्याने आपल्या माणसांना आपली पोती आणायला सांगितले. त्यांच्यातला एक पुटपुटला, की मॅच तर मुलांची आहे.

"आणतोस, की मी इथंच झोपू?"

गोणपाटाची पोती आली. ती नीट ठेवली गेली तेव्हाच तो उठला. मुलांची मॅच पुरी होईपर्यंत मोठ्यांचा रेफरी निघून गेला होता. मोठ्यांचा संघ न खेळताच खालच्या गटात गेला आणि टायरवाल्याचे सोबती बरेच दिवस त्याच्या दुकानाकडे फिरकले नाहीत.

भांडण मिटले का? छे. रविवार अजून एकच आहे आणि मैदानही एकच. पण निळी आणि गोणपाटाची पोती आता एकत्र माझ्यावर असतात, कुलपात कुणी नेत नाही.

मित्रांनो, मैदानासाठी जरूर भांडा, ते भांडण्याजोगे आहे. फक्त खेळ सुरू करण्याआधी कुणीतरी माझ्या मागे येऊन बघा. कुणाचे काम आहे ते नंतर ठरवा. मी पडताना ओरडत नाही.