तिसऱ्यांदा नको म्हणायचं राहिलं

मी फुलसावंगीच्या शकीलच्या छपाईच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. घरघर ऐकू येते ती पंख्याची. रडायची सवय मला नाही.

माझी पहिली सिस्टीम विकतची. ती बनवणाऱ्यांनी एक दिवस कळवलं, तुमचं वय झालं. मग शकीलने ओपन सोर्सवाली घातली. फुकट, कोणीही उघडून बघावी, नको तो भाग काढून टाकावा. तिच्यावर मी गावाच्या लग्नपत्रिका जुळवल्या. कुरकुर केली नाही.

यंदा तिच्यात एआय मदतनीस आला. 'ऐच्छिक' अशी पाटी लावून. बनवणारे शहाणे, पण आमच्याकडे कधी पंगतीला बसले नसावेत. इथे दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचं असतं.

मदतनिसाने शकीलला विचारलं, "मजकूर सुटसुटीत करू?"

नको.

"करू?"

नको.

"करू?"

शकील विरघळला. "इतकं म्हणून राह्यला बिचारा, तं करू दे."

पत्रिका भगवानरावांच्या सुरभीची होती. निमंत्रकांची नावं पाहून मदतनिसाला गर्दी वाटली. लग्नात गर्दी! केवढा शोध! त्याने नवरीचा बाप ठेवला, बाकीच्यांना 'समस्त परिवार' केलं. भगवानरावांनी वरचा गणपती पाहिला, "झकास" म्हणाले. छापून झालं.

मग हंसाबाई आल्या. भगवानरावांच्या थोरल्या बहीण. आईविना सुरभीला त्यांनीच वाढवलं.

"काहून रे शकील, मी समस्त आहो काय?"

"मावशी, म्या नाही काढलं. मदतनिसानं काढलं."

"पोरीच्या वेण्या त्यानं घातल्या काय? नाव नाही तं मी येत नाही. त्यालेच सांग हळद लावाले."

शकीलने मदतनीस मुळासकट उपटला. माझ्यात ते करता येतं, एवढाच माझा तोरा. पत्रिका पुन्हा छापल्या. हंसाबाईंचं नाव सगळ्यात वर.

मदतनिसाशी माझं वैर नाही. शकीलच्या आईला, सुग्राबींना, हल्ली दिसत नाही. त्यांनी मागितलं तर त्याने जरूर वाचून दाखवावं. सिस्टीम बनवणाऱ्या भल्या माणसांनो, त्याला स्वयंपाकघरात ठेवा. मागेल त्याला वाढा. नको ऐकलं की पातेलं उचला.

हळदीच्या दिवशी हंसाबाईंनी जाता जाता माझ्या कपाळावर पिवळं बोट ओढलं. शकील फडकं घेऊन पुसायला आला. मी पंखा जोरात फिरवला, एकदाच.

नको म्हणजे नको.